जमीन करणाराचे नाव

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गट नंबरावर वर्षभरात सरकारचा पैसा किती वाटांनी पोचू शकतो, ते आधी मांडून बघू. पीएम-किसानचे सहा हजार, तीन हप्त्यांत. त्यावर राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी सहा हजार. पीक बुडालं तर विम्याची भरपाई, अतिवृष्टी झाली तर महसूल खात्याचं अनुदान. ठिबक बसवलं तर त्याचं अनुदान. शेततळं, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, सौर पंप यांचं वेगळं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ. पीककर्जाच्या व्याजात सवलत, आणि २००८, २०१७, २०१९ या वर्षांत झालेल्या कर्जमाफ्या.

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एकच कागद मागतात. सातबारा, आणि जोडीला आठ-अ. त्यावर नाव असेल तर माणूस शेतकरी. नाव नसेल, तर त्यानं वीस वर्षं त्याच रानात पाळी घातली, पेरलं, खुरपलं, राखण केली, तरी पोर्टलच्या लेखी तो कोणीच नाही.

हा लेख त्या माणसाबद्दल आहे, आणि तितकाच त्याच्या घरातल्या बाईबद्दल. शेती अनुदानावरची आपली चर्चा बहुतेक वेळा रकमेभोवती फिरते. सहा हजारांत काय होतं, विमा कंपन्यांनी किती कमावलं, तिजोरीवर किती बोजा पडला. हे प्रश्न खरेच आहेत. पण पैसा नेमका कोणाच्या खात्यावर पडतो, हा प्रश्न त्यांच्या मागे दडून राहतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय तिथेच होतो.

* * *

बीडच का, तर इथे हा प्रश्न उघड्या डोळ्यांनी दिसतो. जिल्ह्याचे तालुके अकरा. खाली गेवराई-माजलगावचा पट्टा. तिथे गोदावरी आहे, जायकवाडीचा उजवा कालवा आहे, सिंदफणेवरचं माजलगावचं धरण आहे, ऊस आणि कापूस आहे. वर बालाघाटचा डोंगरपट्टा. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी. तिथलं रान हलकं, मुरमाड. बाजरी, तूर, उडीद, अलीकडे सोयाबीन, आणि बांधाबांधावर सीताफळ. या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरायचा, आणि पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यातल्या इतर कारखान्यांवर किंवा कर्नाटकात ऊस तोडायला जायचं. परत यायचं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, साधारण मार्च-एप्रिलात.

ऊसतोड मजूर म्हटलं की आपण त्यांना मजूर म्हणूनच बघतो. त्यांच्यातले कितीतरी जण उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत शेतकरी असतात. कोणाचा दीड-दोन एकराचा तुकडा असतो, कोणाचा नावापुरता हिस्सा सामाईक खात्यात असतो, आणि कोणी गावातल्याच दुसऱ्याचं रान बटईनं करतो. मालक एक तर छत्रपती संभाजीनगर-पुण्याला नोकरीला असतो, नाहीतर थकलेला असतो, नाहीतर त्याला शेतीत आता राम वाटत नाही.

बटईचा व्यवहार तोंडी असतो. साधारण रीत अशी की बी-बियाणं आणि खत निम्मं-निम्मं, कष्ट सगळे बटईदाराचे, माल निम्मा-निम्मा. ठोक्यानं घेतलं तर गोष्ट आणखी कठीण. पाडव्याच्या आगेमागे एकरी रक्कम रोख मोजायची आणि पुढचं सगळं आपल्या अंगावर. पाऊस पडला तर आपला, नाही पडला तरी आपला. ही रक्कम अनेकदा मुकादमाच्या उचलीतूनच भरली जाते. म्हणजे पुढच्या हिवाळ्यात ऊस तोडायच्या बोलीवर घेतलेल्या पैशातून माणूस या खरिपात दुसऱ्याची जमीन कसतो. पेरणीचा धोका तो घेतो, कर्ज तो काढतो, आणि नुकसान झालं की पंचनाम्यात नाव मालकाचं लागतं.

काही मालक अनुदान आलं की त्यातला निम्मा वाटा बटईदाराला देतात. भावकीतला असेल, संबंध चांगले असतील तर. अशी माणसं गावोगावी आहेत आणि त्यांचा मान ठेवलाच पाहिजे. पण सरकारनं दिलेली मदत माणसाला मिळावी की नाही, हे मालकाच्या स्वभावावर अवलंबून राहत असेल, तर तिला हक्क म्हणता येत नाही.

देशभराचा अंदाज घ्यायचा तर २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सुमारे १७ टक्के वहिती धारणांमध्ये दुसऱ्याकडून घेतलेली जमीन आढळली होती. तोंडी व्यवहार लोक परक्या माणसापुढे उघड करत नाहीत, म्हणून प्रत्यक्षातलं प्रमाण याहून जास्त असणार असंच मला वाटतं.

* * *

मग हा व्यवहार कागदावर का येत नाही? त्याचं मूळ पंचाहत्तर वर्षं मागे जातं. बीड तेव्हा हैदराबाद राज्यात होतं, आणि इथे लागू झाला तो १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. हेतू चांगला होता. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क मिळावा, मालकानं मनाला येईल तेव्हा त्याला उठवू नये. काहींना त्यातून जमिनी मिळाल्यासुद्धा. पण ज्यांच्याकडे जमिनी उरल्या त्यांनी एक धडा कायमचा घेतला, की दुसऱ्याला कसायला दिलेल्या जमिनीचा कागद करायचा नाही. केला तर कूळ लागेल. आज ज्याच्याकडे तीन एकर आहे असा लहान मालकही याच भीतीनं बटईदाराचं नाव कुठे लागू देत नाही. दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलतो, किंवा रान बदलतो. कुळाला संरक्षण द्यायला आलेला कायदा असा कुळाला अदृश्य करून गेला.

सरकारी दप्तराला हा माणूस कधीच ठाऊक नव्हता असं मात्र नाही. जुना हस्तलिखित सातबारा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. वरचा भाग गाव नमुना सातचा, त्यात भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार, इतर हक्क. खालचा भाग नमुना बाराचा, पिकांचा. त्या खालच्या भागात उभ्या रेघांच्या दाटीत एक रकाना असायचा, ‘जमीन करणाराचे नाव’. त्याच्याजवळ ‘रीत’. म्हणजे जमीन मालक स्वतः करतो की दुसऱ्याकडून करवतो, याची नोंद. दर हंगामात तलाठ्यानं शिवारात फिरून, कोण काय पेरतंय हे डोळ्यांनी बघून, तो रकाना भरायचा. याशिवाय ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्याऐवजी दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात ती असेल, तर अशा जमिनींसाठी गाव नमुना सात-ब नावाची स्वतंत्र नोंदवहीच आहे. ताब्यातला माणूस वेगळा आढळला की नमुना चौदा भरून तहसीलदाराला कळवण्याची तरतूदही आहे.

हे सगळं आजही नियमांत आहे. गावात जाऊन सात-बची नोंद कोणाची आहे विचारा. तो रकाना वर्षानुवर्षं कोरा राहत गेला, किंवा त्यात मालकाचंच नाव उतरत गेलं. तलाठ्याला वाद नको होता, मालकाला नोंद नको होती, आणि कसणाऱ्याला पुढच्या वर्षीही रान हवं होतं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर, बांधावर उभं राहून, पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. तलाठ्यानं घरी बसून पीकपेरा लिहिण्याचे दिवस त्यानं संपवले, हे चांगलंच झालं. पण नोंद होते ती खातेदाराच्या नावावर. बांधावर फोन धरून उभा असलेला माणूस बटईदार असतो, फोटो तो काढतो, अॅप चालत नसेल तर गावातल्या पोराला बोलावून आणतो, आणि अॅपला त्याचं नाव कधी विचारावंसं वाटत नाही.

पीकविम्याच्या नियमांत बटईदाराला जागा आहे, हेही सांगायला हवं. २०१६ च्या खरिपापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत कुळानं, भाडेपट्ट्यानं शेती करणाराही भाग घेऊ शकतो. त्यासाठी महाराष्ट्रात नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो. ज्या गावात साधी चिठ्ठी लिहून द्यायला मालक तयार नसतो, तिथे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन करार नोंदवायचा. अशी तरतूद कागदावर असणं आणि नसणं यात बटईदाराच्या दृष्टीनं काडीचा फरक नाही.

* * *

याच पीकविम्यानं बीड जिल्ह्याचं नाव दोनदा देशभर केलं. पहिल्यांदा २०२० मध्ये. जिल्ह्यात नुकसान वारंवार होतं म्हणून विमा कंपन्या यायला तयार नव्हत्या, तेव्हा ८०-११० चं सूत्र आलं. भरपाई जमलेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपलीकडे गेली तर वरचा भार राज्यानं उचलायचा, आणि भरपाई कमी निघाली तर कंपनीनं ठरावीक नफा ठेवून उरलेला पैसा परत करायचा. हाच ‘बीड पॅटर्न’ पुढे राज्यभर लागू झाला.

दुसऱ्यांदा नाव आलं ते डिसेंबर २०२४ मध्ये. आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी विधानसभेत बोगस पीकविम्याचा विषय काढला. त्याच्या आधी, २०२३ च्या खरिपापासून, राज्यानं शेतकऱ्याचा सगळा हप्ता स्वतः भरून विमा एक रुपयात केला होता. आदल्या वर्षी खरिपात राज्यात सुमारे ९६ लाख अर्ज होते, ते एकदम १.७० कोटींवर गेले. वाढ झाली तीत खरे शेतकरी होते, यात शंका नाही. हप्त्यापायी जे आजवर बाहेर राहत होते ते आत आले. पण अर्ज भरून देणाऱ्या सामाईक सुविधा केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे चाळीस रुपये मिळत होते आणि अर्जदाराला जवळचं काही घालावं लागत नव्हतं. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर कोणाच्याही गटावर कोणाचाही विमा उतरवणं हा धंदा झाला. तपासणीत सरकारी जमिनी, देवस्थानच्या जमिनी, बिगरशेती जमिनी आणि गायरानं यांच्यावर विमे उतरवल्याचं पुढे आलं. २०२५ मध्ये योजना बदलली. एक रुपया गेला, शेतकऱ्याचा हप्ता परत आला, शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याच वेळी स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरच्या नुकसानीची भरपाईही गेली. उरली ती पीक कापणी प्रयोगावर ठरणारी भरपाई. चोरी कोणी केली आणि दंड कोणाला बसला, हे शेतकरी पक्कं जाणून आहेत.

मला इथे गायरानाशी थांबायचं आहे. बीड, जालना, परभणी, धाराशिव या भागांत गायरान जमीन कसणारी हजारो दलित, भटकी आणि भूमिहीन कुटुंबं आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५३ पासून मराठवाड्यात भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढच्या काळात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानानं बीडमध्ये हाच लढा गावागावात नेला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. काहींची नावं लागली. अनेकांच्या फायली तहसीलमध्ये फिरत राहिल्या, कधी पुरावा कमी पडला, कधी गावानं विरोध केला, कधी उभ्या पिकात जनावरं सोडली गेली. दंडाची पावती हाच ज्यांचा वहिवाटीचा एकमेव पुरावा आहे, अशी माणसं तीन-तीन पिढ्या ते रान करतायत. दगड वेचून, बांध घालून त्यांनी ते पिकाखाली आणलं. त्यांना पीएम-किसान नाही, विमा नाही, अतिवृष्टीचं अनुदान नाही, बँकेचं कर्ज नाही.

आणि त्याच प्रकारच्या गायरानावर, तिथे कधी पाऊलही न ठेवलेल्या माणसाच्या नावानं, संगणकापुढे बसून विमा उतरवता आला. व्यवस्थेला खोटा शेतकरी चालला, खरा चालला नाही. या एका गोष्टीचा राग मला इतर सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त येतो.

* * *

बाईचं नाव सातबाऱ्यावर नसणं ही बटईदारापेक्षा जुनी गोष्ट आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सुमारे दीड कोटी वहिती खाती होती, सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर. त्यातली बायकांची खाती १५ टक्क्यांच्या आसपास. खुरपणी, वेचणी, सोंगणी कोण करतं हे कोणत्याही शिवारात गेलं की दिसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करा, असं आवाहन होतं, आणि हजारो शेतकऱ्यांनी ते मानलं. पुढे सरकारनंही नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव लावण्याची सोय केली. सोय आजही आहे. तिच्यासाठी तलाठी कार्यालयात किती लोक जातात, हा वेगळा प्रश्न.

नवरा गेल्यावर काय होतं ते बघा. वारस नोंद व्हायला हवी. पण अनेक घरांत नवऱ्याच्या नावावरही जमीन नसते, सासऱ्याच्या किंवा आजेसासऱ्याच्या नावावर असते, आणि खातं सामाईक असतं. दिरांची संमती लागते. अतिवृष्टीचं अनुदानसुद्धा सामाईक खात्यात इतरांचं संमतीपत्र दिल्याशिवाय एकाच्या खात्यावर पडत नाही. पीएम-किसानसाठी जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असावी लागते. वारसानं आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे, पण ती सूट फेरफार झाल्यावर. फेरफार अडला की सगळंच अडलं. मृत माणसाच्या नावाचा हप्ता बंद होतो, आणि जिवंत बाईच्या नावाचा सुरू होत नाही.

शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर त्याच्या कुटुंबाला एक लाख देण्याचा शासन निर्णय २३ जानेवारी २००६ चा आहे. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ती रक्कम इतक्या वर्षांत तेवढीच आहे. प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं ते जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, आणि वसुलीचा तगादा होता का, यावर. बटईदाराच्या नावावर जमीन नसते. जमीन नाही म्हणून त्याला बँक दारात उभं करत नाही. त्याचं कर्ज मुकादमाचं, कृषी सेवा केंद्राच्या उधारीचं, नाहीतर गावातल्या खासगी सावकाराचं. म्हणजे तो पहिल्या दोन्ही निकषांवर अपात्र. त्याच्या मागे राहिलेल्या बाईला हा शेरा तहसीलच्या पत्रावर वाचायला मिळतो. शेतकरी म्हणून मेलेल्या माणसाला सरकार शेतकरी म्हणून मोजतही नाही. बायकांच्या शेतीहक्कांसाठी काम करणाऱ्या महिला किसान अधिकार मंचानं, मकामनं, मराठवाड्यात आणि विदर्भात अशा विधवांच्या पाहण्या करून हे पुन्हा पुन्हा मांडलं आहे.

ज्या थोड्या बायकांच्या नावावर जमीन आहे, त्यांच्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये सगळ्या पात्र बायकांना मिळतात. पण पीएम-किसान आणि नमो मिळून जिला वर्षाला बारा हजार येतात, तिला ते वजा करून महिन्याला पाचशेच मिळतात. राज्यात अशा पावणेआठ लाखांच्या आसपास बायका आहेत. शेतकरी म्हणून मिळालेला पैसा बाई म्हणून मिळणाऱ्या पैशातून कापून घेतला. नवऱ्याच्या नावावर जमीन असेल तर कपात होत नाही, कारण तिथे दोन माणसं दोन योजनांत असतात. जमीन बाईच्या नावावर करा असं एका हातानं सांगायचं आणि केल्यावर महिन्याला हजार रुपये कमी द्यायचे, हे धोरण कोणत्या विचारानं ठरलं असेल, मला अजून उमगलेलं नाही.

* * *

सातबाऱ्यावर नाव असलेल्यांतही पैसा सारखा वाटला जात नाही. प्रत्येक योजनेचं माप वेगळं आहे. पीएम-किसान कुटुंबाला सहा हजार देतं, एकर कितीही असो. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, ती २०१९ च्या जूनमध्ये उठली. आयकर भरणारे, डॉक्टर, वकील, सरकारी नोकर, महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन असणारे बाहेर. अर्जदार स्वतः शेती करतो का, हा प्रश्न मात्र अर्जात कुठेच नाही.

विमा आणि नुकसानीचं अनुदान हेक्टरी मिळतं. वीज अश्वशक्तीवर, आणि ती ज्याच्याकडे विहीर आहे, पाणी आहे, कनेक्शन आहे त्यालाच. डोंगरपट्ट्यातल्या कोरडवाहू बाजरीला वीजमाफीचा उपयोग काय?

ठिबकचं गणित वेगळ्या तऱ्हेनं गाळतं. लहान शेतकऱ्याला केंद्र आणि राज्य मिळून ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. ऐकायला हे भरघोस वाटतं. पण टक्केवारी सरकारनं ठरवलेल्या मापदंडावर निघते, दुकानदाराच्या बिलावर नाही. आणि पैसा नंतर येतो. आधी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड, कागद, पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून खरेदी, जीएसटीचं पक्कं बिल, मग साहेबांची मोका तपासणी, आणि मग केव्हातरी खात्यावर रक्कम. मधल्या महिन्यांचा भार ज्याला सोसतो तोच ठिबक घेतो. पूर्वी निवड लॉटरीनं होत असे, २०२५ पासून आधी अर्ज करणाऱ्याला आधी असं झालं. आधी अर्ज कोण करणार? ज्याच्या घरात शिकलेला पोरगा आहे, ज्याची केंद्रचालकाशी ओळख आहे, तो. जो त्या वेळी कर्नाटकातल्या एखाद्या फडात कोप घालून राहतोय, त्याला ‘कागदपत्रे अपलोड करा’ हा संदेश वाचायलाही कोणी नसतं. कोयता आणि पाचट धरून बोटांचे ठसे झिजलेले असतात, केवायसीच्या यंत्रावर अंगठा चार-चार वेळा दाबूनही उमटत नाही. चेहरा दाखवून केवायसी करण्याची सोय २०२३ मध्ये आली तेव्हा अशा माणसांना जरा हायसं वाटलं.

एकच अनुदान सातबारा विचारत नाही, ते खताचं. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते. तिची खरी किंमत कितीतरी जास्त आहे, आणि मधला फरक केंद्र सरकार खत कंपनीला देतं. २०१८ पासून दुकानातल्या पॉस यंत्रावर अंगठा लावला की विक्री नोंदते. तो अंगठा बटईदाराचा असला, गायरान कसणाऱ्याचा असला, विधवेचा असला तरी यंत्र तक्रार करत नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या शेती अनुदानांपैकी एक, वर्षाला दीड-दोन लाख कोटींच्या घरातलं, आणि ते जमिनीची मालकी न विचारता कसणाऱ्यापर्यंत पोचतं. त्याची दुसरी बाजू अशी की ते गोणीवर मोजलं जातं. एकरी गोण्यांवर गोण्या ओतणाऱ्या उसाला भरपूर, आणि एखादी गोणी टाकणाऱ्या बाजरी-तुरीला थोडं. तरीही कसणाऱ्याला पैसा पोचवणं अशक्य आहे असं कोणी म्हणालं, तर मी त्याला खताच्या दुकानात नेऊन दाखवीन.

* * *

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे झालं त्यानं हा सगळा प्रश्न एका आठवड्यात उघडा पाडला. सिंदफणा, मांजरा, गोदावरी यांनी काठ सोडले. पिकं गेलीच, काही ठिकाणी वरची मातीही गेली, खाली मुरूम उघडा पडला. ७ ऑक्टोबरला राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजारांचा दर, त्यावर रब्बीच्या पेरणीसाठी आणखी दहा हजार, मर्यादा दोनवरून तीन हेक्टर. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं.

जमीन खरडली तर मालकाचं नुकसान, ती मदत मालकालाच मिळायला हवी, यात वाद नाही. पण पीक गेलं ते कोणाचं? पेरणीचा, खताचा, फवारणीचा खर्च कोणी केला होता? आणि रब्बीच्या बियाण्यासाठीचे दहा हजार ज्याच्या खात्यावर आले तो रब्बी पेरणार आहे का? ठोक्यानं रान घेतलेल्या माणसानं एकरी रक्कम पाडव्याला भरलेली होती. पाण्यानं त्याचं सोयाबीन नेलं. अनुदान मालकाच्या नावानं आलं. उचल तर आधीच अंगावर होती. त्या वर्षी तो कोयता घेऊन निघाला तेव्हा दुहेरी देणं घेऊन निघाला.

या वेळी ज्यांच्याकडे शेतकरी ओळख क्रमांक होता त्यांना वेगळी ई-केवायसी करावी लागली नाही, मदत लवकर पोचली. हा क्रमांक देणाऱ्या अॅग्रिस्टॅकचा हा खरा फायदा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. या अॅग्रिस्टॅकची चाचणी देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत झाली, त्यांत महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा बीडच होता. पण हा क्रमांक जमिनीच्या नोंदीला आधार जोडून तयार होतो. नोंदीत जो नाही त्याला क्रमांक नाही, आणि पुढे सगळ्याच योजना या क्रमांकावर चालणार. आजवर बटईदाराला निदान एखाद्या ओळखीच्या तलाठ्याला, कृषी सहाय्यकाला गळ घालता येत होती. संगणकापुढे गळ घालता येत नाही.

२००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकरी कोण याची व्याख्या केलेली आहे. तिच्यात खातेदाराबरोबर कूळ, बटईदार, शेतमजूर, मेंढपाळ, मच्छीमार हे सगळे आहेत. त्यामागे एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचं काम होतं. व्याख्या झाली, पण कोणत्याही पोर्टलच्या रकान्यात उतरली नाही. काही राज्यांनी मात्र हात घातला. ओडिशानं २०१८ च्या अखेरीस कालिया योजना आणली तेव्हा बटईदार आणि भूमिहीन शेतकरी कुटुंबंही तिच्यात घेतली. त्याच वर्षी तेलंगणात रयतु बंधू आली, तिनं पट्टेदारालाच पैसे दिले, जमीन कितीही असो, आणि कुळांना बाहेर ठेवलं. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड द्यायला सुरुवात केली. त्या कार्डावर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई मिळू शकते, आणि मालकीवर त्याचा काही परिणाम होत नाही असं कायद्यातच लिहिलेलं आहे. तिथे अडचण आली ती मालकाच्या सहीची. सही मागितली की मालक बिचकतो, आणि कार्ड अडतं.

महाराष्ट्राला नव्यानं शोधण्यासारखं फारसं काही नाही. ई-पीक पाहणीच्या अॅपमध्ये हंगामापुरता एक रकाना घालायचा, जमीन करणाराचे नाव. त्या नोंदीतून कुळाचा कोणताही हक्क निर्माण होणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहून मालकाची भीती काढायची. नोंद मालकाच्या सहीवर न ठेवता ग्रामसभेत वाचून दाखवायची आणि हरकत आली तर तिथेच सोडवायची, कारण कोणाचं रान कोण करतंय हे गावात सगळ्यांना माहीत असतं. गायरान कसणाऱ्यांची नोंदही त्याच यादीत घ्यायची. मग पीक नुकसानीचं अनुदान आणि विमा त्या नावाला, जमिनीच्या नुकसानीची मदत मालकाला. आणि टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, म्हणून ही ग्रामसभा पितृपंधरवड्याच्या आत घ्यायची. चाचणीसाठी जिल्हा शोधायलाही नको, तो एकदा निवडून झालेलाच आहे.